एवढी मोठी डिस्क, मग वाटण्या कशाला?

“ताई, डिस्क चार टीबीची हाय. तिच्या वाटण्या कशाला घालत बसलाय? एकच करून टाका की!”

हे मी उद्यमनगरात ऐकलंय, शिरोलीत ऐकलंय, राजारामपुरीतल्या पतसंस्थेत ऐकलंय. कॉलेजातून शिकायला येणारी मुलंही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हेच विचारतात. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून या वाटण्यांबद्दल, म्हणजे डिस्कच्या पार्टिशनांबद्दल, एकदा नीट लिहिते. मी सर्व्हरवर फ्रीबीएसडी ही युनिक्सच्या घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम बसवते, पण लिनक्सवाल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

एका फाउंड्रीतून रात्रपाळीला फोन आला. भट्टी तापलेली, ओतकाम चालू, आणि हीट नंबरची, म्हणजे वितळवलेल्या प्रत्येक घाण्याच्या क्रमांकाची, नोंद सिस्टिमला पडेना. मी पोचले तेव्हा सुपरवायझर प्रत्येक हीटची रीडिंगं खडूनं पत्र्याच्या दारावर लिहून ठेवत होते. सर्व्हर दुसऱ्या कुणीतरी बसवलेला, अख्ख्या डिस्कवर एकच पार्टिशन, सिस्टिमचं मूळ म्हणजे रूट. जागा किती उरली ते दाखवणारी डीएफ कमांड दिली तर भरलेली जागा 108 टक्के आणि शिल्लक उणे.

शंभराच्या वर आकडा जातो कसा, हे तेव्हा तिथल्या मुलानंही विचारलं. फ्रीबीएसडीची जुनी यूएफएस ही फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, 8 टक्के जागा राखून ठेवते. ती फक्त रूटला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या युजरला, वापरता येते, आणि टक्केवारी काढताना ती हिशेबात धरत नाहीत. त्यामुळे रूटच्या हक्कानं चालणारा एखादा प्रोग्राम लिहीत सुटला की आकडा शंभर ओलांडतो. इथं लेबल छापायचा प्रिंटर बंद पडला होता, आणि त्याच्याशी बोलणारी सर्व्हिस सारखी तीच तक्रार लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, लिहीत होती. डेटाबेस साध्या युजरच्या नावानं चालतो, तो राखीव जागेच्या हद्दीवर कधीच अडकून पडला होता. प्रिंटरचं दुखणं आणि ओतकामाच्या नोंदी, यांचा संबंध इतकाच की दोन्ही एका पार्टिशनवर होतं.

माझ्या आधी कुणीतरी ती लॉगची फाइल पुसूनही टाकली होती, तरी जागा सुटली नव्हती. युनिक्समध्ये फाइलचं नाव पुसलं, पण एखाद्या प्रोग्रामनं ती उघडी धरलेली असली, तर तिची जागा तशीच अडकून राहते. ती सर्व्हिस थांबवली आणि जागा लगेच मोकळी झाली. डीयू (फाइलींच्या जागेची बेरीज करणारी कमांड) आणि डीएफचे आकडे जुळत नसतील तर पहिल्यांदा हे तपासा. बरेच जण या टप्प्याला घाबरून सर्व्हर रीस्टार्ट करतात, त्यानं जागा सुटते खरी, पण कशानं भरली होती ते कळायचं राहून जातं.

लॉग ज्या फोल्डरमध्ये राहतात ते ‘व्हार’ वेगळ्या पार्टिशनवर असतं, तर तेवढंच भरलं असतं. प्रिंटरची तक्रार लिहायची थांबली असती, डेटाबेस चालू राहिला असता. मी वाटण्या घालते त्या यासाठी. जागा किती मोठी आहे याला फार अर्थ नाही. चार टीबीसुद्धा लॉग भरून टाकतो, फक्त थोडा उशिरा.

एका डिस्कच्या छोट्या मशीनवर मी अजून यूएफएसच घेते. रूट आणि प्रोग्राम ठेवायचं ‘यूएसआर’ एकत्रच ठेवते. ‘यूएसआर’ वेगळं काढायची चाल जुनी आहे. युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात तिथं वापरणाऱ्यांची घरं असायची, आणि डिस्क एवढ्याशा असल्यामुळे रूटमध्ये न मावणारे प्रोग्रामही तिकडं गेले. आज त्याची गरज मला दिसत नाही. ‘व्हार’ वेगळं, तात्पुरत्या फाइलींचं ‘टेम्प’ वेगळं, रॅम कमी पडली तर वापरायचा स्वॅप वेगळा, आणि डेटाचं पार्टिशन सगळ्यात शेवटी. शेवटी अशासाठी, की यूएफएस वाढवता येते, लहान करता येत नाही, आणि वाढवायला तिच्या लगेच पुढं मोकळी जागा लागते. रॅमच्या दुप्पट स्वॅपचा जुना नियम 64 जीबी रॅमच्या मशीनला लावू नका. पण स्वॅप अजिबात काढूनही टाकू नका. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, कोसळला तर त्या क्षणाच्या मेमरीची नक्कल, म्हणजे डंप, तिथंच उतरतो, आणि का कोसळला हे त्यावरूनच कळतं.

मोठ्या सर्व्हरवर मात्र झेडएफएस ही नवी फाइलसिस्टिम. फ्रीबीएसडीत ते 2008 साली 7.0 बरोबर आलं, आणि 2014 च्या 10.0 पासून इन्स्टॉलरच सगळी मांडणी करून देतो. हे समजवायला मला आपला कोल्हापुरी बंधारा फार उपयोगी पडतो. जुनं पार्टिशन म्हणजे पक्की भिंत, एकदा बांधली की हलत नाही. कोल्हापुरी बंधाऱ्याला खांब पक्के आणि मधले बरगे काढता-घालता येतात, पावसाळ्याआधी काढायचे, पाऊस सरला की घालायचे. झेडएफएसचा डेटासेट, म्हणजे तिथली वाटणी, तसा आहे. सगळ्यांची जागा एकाच सामायिक साठ्यातून, म्हणजे पूलमधून, येते, आणि कुणाला किती जाऊ द्यायचं तो कोटा चालू मशीनवर एका ओळीत कमी-जास्त करता येतो.

मात्र इन्स्टॉलर लॉगचा डेटासेट वेगळा काढतो, पण त्याला कोटा घालत नाही. बरगे न घातलेला बंधारा तो! लोक यादीत वेगवेगळी नावं बघतात आणि निर्धास्त होतात, आणि लॉग पुन्हा सगळा पूल पिऊन टाकतो. शिवाय झेडएफएस जुन्या ठिकाणी लिहीत नाही, बदल नेहमी नव्या जागी लिहितं, त्यामुळे पूल काठोकाठ भरला तर फाइल पुसायलाही जागा अपुरी पडू शकते. म्हणून मी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी करते. लॉगला कोटा लावते, आणि एक रिकामा डेटासेट काढून त्याच्या नावावर 10 जीबी राखून ठेवते. अडचण आली की ती राखीव जागा सोडायची आणि साफसफाईला लागायचं. पंचगंगेला पूर आला की राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, तसे मेल मी पूल 75 आणि 90 टक्के भरला की येतील असे लावते.

शेवटी डिस्कच्या लेबलांबद्दल. केबल इकडची तिकडं झाली की सिस्टिमनं एडीए0 असं नाव दिलेली डिस्क एडीए1 होते. म्हणून पार्टिशन करतानाच जीपीटीचं, म्हणजे डिस्कवरच्या पार्टिशनांच्या यादीतलं, लेबल द्या आणि पार्टिशन जोडताना, म्हणजे माउंट करताना, तेच लेबल वापरा. लेबलात डिस्कच्या सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे घाला. डिस्क गेली की हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला नेमकी कुठली काढायची ते त्या चार आकड्यांवरून कळतं. मी तीच यादी पेनानं लिहून कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवते, कारण मशीन बंद असताना तेवढीच वाचता येते.

तुमचा सर्व्हर बसवायला घेऊ तेव्हा डिस्क खोक्यातून काढताना स्टिकरचे फोटो तेवढे काढून ठेवा.