चुकीच्या डब्यातली टिप

किरणोत्सारी फॉस्फरस-३२ची हाफ-लाइफ जेमतेम १४.३ दिवस. व्हायल, म्हणजे त्याची छोटी बाटली, आली की पंधरवड्यात निम्म्या मालाचा किरणोत्सार संपलेला. त्यामुळे लॅबमध्ये कायम घाई, आणि माझा घोळही घाईतच झाला.

कचऱ्याचा हिशेब तसा सोपा. पिपेटच्या प्लास्टिक टिप्स, हातमोजे, टिश्यू, सगळं सेंटिमीटरभर जाड अ‍ॅक्रिलिकच्या डब्यात. शिशाच्या नाही, फॉस्फरसमधून सुटणारे बीटा कण, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, शिशात अडले की एक्स-रे निघतात, हे नव्या मुलांना पटतच नाही. डबा भरला की पिशवीवर आयसोटोप, तारीख, सही. मग दहा हाफ-लाइफ, म्हणजे १४३ दिवस, कोपऱ्यातल्या बंद खोलीत. तोवर हजारातला एखादा भाग उरतो.

त्या रात्री साडेदहाला माझंच फॉस्फरसचं काम चालू होतं आणि शेजारी सल्फर-३५चंही. सल्फरची टिप टाकली आणि लक्षात आलं, डबा चुकला, हा फॉस्फरसचा. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. सल्फरचे बीटा इतके दुबळे की पिशवीबाहेर जीएम काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजायचं यंत्र, त्यांची दखलही घेत नाही. पण त्याची हाफ-लाइफ ८७ दिवसांची. पाच महिन्यांनी काउंटर गप्प, मावशी पिशवी उचलणार, आणि आत सल्फरचा तिसरा हिस्सा तसाच.

सकाळी आरएसओ, म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसर, सरांना सांगितलं. वाटलं, डबा उपसायला लावतील. ते म्हणाले, "अजिबात हात घालू नका. आजपासून ही पिशवी सल्फरची." मिसळलं की जास्त टिकणाऱ्याचा नियम लागतो. मी मनात गुणाकार केला: जवळपास ८७० दिवस! एका टिपेपायी. ओरडले नाहीत, पण मायापुरी काढलंच. २०१०मध्ये दिल्लीत विद्यापीठातलं कोबाल्ट-६०चं जुनं यंत्र भंगारात गेलं आणि एकाचा जीव गेला. माझी टिप त्याच्या पासंगालाही पुरली नसती, पण वाद घालायची माझी हिंमत नव्हती. लेबल मात्र दोनदा लिहून घेतलं. पहिल्यांदा म्हणे अक्षर लागत नव्हतं.

थिसिस देऊन मी बाहेर पडले तेव्हा पिशवी खोलीतच होती. वर्षभराने ज्युनियरने फोटो पाठवला. जीएमवर नुसता बॅकग्राउंड, आतली टिप दुबळे बीटाही पकडणाऱ्या सिंटिलेशन काउंटरमध्ये घालूनही काही नाही, आणि किरणोत्साराचं तीन पाकळ्यांचं चिन्ह खरवडलेलं, नाहीतर कचराडेपोत पळापळ व्हायची. खाली एवढंच: "ताई, तुमची पिशवी गेली एकदाची."