जेट ली, आधी खेळाडू

फोंड्यात मुलांना वुशू, म्हणजे चिनी युद्धकला, शिकवते, त्यामुळे जेट ली माझ्यासाठी आधी खेळाडू, मग नट. जन्म बीजिंगचा, 1963 चा. 1974 मध्ये, अकराव्या वर्षी, त्याने व्हाइट हाउसच्या हिरवळीवर अमेरिकी अध्यक्ष निक्सनसमोर वुशूची प्रात्यक्षिकं केली! पुढे राष्ट्रीय विजेतेपदं, आणि 1982 मध्ये ‘शाओलिन टेंपल’ हा चित्रपट.

त्यात त्याचं उडीनंतर जमिनीवर उतरणं बघा: गुडघा किंचित वाकलेला, पाठ ताठ, नजर समोरच्यावर खिळलेली. वर्गातली मुलं विचारतात, “टीचर, हे आम्हाला कधी जमणार?” मी म्हणते, आधी उतरायला शिका, उडी येईल मागाहून.

1991 नंतरच्या हाँगकाँगच्या चित्रपटांत तो तारांच्या आधाराने उडतो. देखणं आहे, पण मला मात्र सुरुवातीचा, धुळीत पाय रोवून लढणारा जेट लीच जास्त भावतो.