कन्व्हर्जनच्या पेशंट कुठल्या गटात?

थीसिसचा विषय मिळाला तेव्हा वाटलं, सुटलो. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर, दोन गट: दुर्बिणीतून ऑपरेशन झालेल्या आणि पोट उघडून झालेल्या. जुन्या फायली काढायच्या, एक्सेल भरायची.

पहिल्या फेरीतच निकाल झकास. दुर्बीणवाल्या लवकर घरी गेलेल्या, जखमा कमी चिघळलेल्या, रक्तही कमी लागलेलं. तक्ते घेऊन मी खुशीत गाइड मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "या दोन गटांतल्या बायका मुळात सारख्या होत्या का, ते आधी दाखव."

नव्हत्याच. ज्यांचं गर्भाशय फार मोठं, आजार पुढच्या टप्प्यातला, त्यांना सर्जननी पहिल्यापासूनच ओपनला घेतलेलं. म्हणजे माझा तक्ता सर्जनची निवडच मोजत बसला होता. मग वय, मधुमेह, स्टेज, बीएमआय यांसाठी पुन्हा त्याच फायली. कितीतरी केसपेपरांवर वजन होतं आणि उंची नव्हती. (उंची मोजायला कोणाचं काय जातं!)

खरी अडकले ती एका फायलीवर. ओटी नोट्सच्या वर 'लॅप' (लॅपरोस्कोपी, म्हणजे दुर्बीण) लिहून निळ्या शाईने खोडलेलं, शेजारी 'ओपन'. आत दोनच ओळी: आतडी चिकटलेली, नीट दिसेना, पोट उघडलं. दुर्बिणीने सुरू करून मध्येच पोट उघडणं म्हणजे कन्व्हर्जन. अशा सगळ्या बायका मी ओपनच्या रकान्यात टाकल्या होत्या, म्हणजे दुर्बिणीची अवघड प्रकरणं परस्पर ओपनच्या खात्यावर. स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी कान उपटले: ज्या बेताने टेबलावर घेतलं, गट तोच. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या लॅप-२ अभ्यासात २,६१६ बायका होत्या. दुर्बिणीने सुरू केलेल्या ऑपरेशनांपैकी २५.८ टक्क्यांत मध्येच पोट उघडावं लागलं, तरी त्या मोजल्या दुर्बिणीच्याच गटात. शिवाय कोणी कुठल्या गटात जायचं ते तिथे रँडमायझेशनने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, ठरलेलं. मला ती चैन नव्हती.

'गुंतागुंत' रकान्यात मी नुसतं हो-नाही भरलं होतं. एक दिवसाचा ताप आणि पुन्हा ओटीत न्यावी लागलेली पेशंट, दोघींना एकच 'हो'. गुंतागुंत किती गंभीर ते सांगणारी क्लेव्हियन-डिंडो ग्रेड लावायला तीन आठवडे गेले. काय उपचार करावे लागले त्यावरून ग्रेड ठरते, त्यामुळे नर्सिंग चार्टही चाळावे लागले.

शेवटी मुक्कामातला फरक टिकला, गुंतागुंतीतला इतका आटला की त्यावर ठाम काही लिहिणं बरं नव्हतं. जगण्याच्या आकड्यांना मी हातच लावला नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरात फायलींवरच्या तुलना दुर्बिणीला बरोबरीचं म्हणत होत्या. मग २०१८ मध्ये ६३१ बायकांच्या, रँडमायझेशन केलेल्या लॅक ट्रायलमध्ये साडेचार वर्षांनी आजारमुक्त राहिलेल्या ओपनमध्ये ९६.५ टक्के, दुर्बिणीत ८६.

व्हायवात (तोंडी परीक्षेत) पहिलाच प्रश्न: "कन्व्हर्जन कुठे मोजलेत?" सांगितलं. परीक्षकांनी मान डोलावली आणि तिसऱ्या तक्त्यातली बेरजेची चूक दाखवली.