शिरोलीच्या मशीन शॉपमध्ये डॉलिबार बसवलं

मामांचं कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं टर्निंग, बोअरिंग करून द्यायचं. गिऱ्हाइकं इचलकरंजीपासून बेळगावपर्यंत. कुणाला काय रेट दिला, कुणाचं ड्रॉइंग बदललं, हे सगळं मामांच्या डोक्यात, डायरीत आणि सुपरवायझरच्या व्हॉट्सॲपवर. तो सुपरवायझर नोकरी सोडून गेला आणि गिऱ्हाइकांशी झालेलं निम्मं बोलणं त्याच्या फोनबरोबर गेलं. मामा म्हणाले, "तुझं ते लिनक्स काय उपयोगाला येतंय का बघ की गं."

गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवणाऱ्या, दर माणसामागे महिन्याला भाडं भरायच्या ऑनलाइन सेवा मी बाजूलाच ठेवल्या. गिऱ्हाइकांची वही दुकानाच्या मालकीची असावी, यावर मी ठाम आहे. शुगरसीआरएम या गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरनं मोफत खुली आवृत्ती पुढं बंद केली, तरी तिच्याच कोडवरून २०१३ मध्ये निघालेलं सुटसीआरएम आजही चालू आहे. कोड खुला असला की कंपनीचा विचार बदलला म्हणून आपलं काम अडत नाही. मामांना मात्र कोटेशन, ऑर्डर, बिल सगळं एकत्र हवं होतं, म्हणून डॉलिबार हे धंद्याचं सगळं काम सांभाळणारं खुल्या कोडचं सॉफ्टवेअर घेतलं. फ्रान्समध्ये २००२ च्या सुमारास सुरू झालेला हा प्रकल्प पीएचपी या वेबच्या भाषेत लिहिलाय, त्यामुळं ऑफिसातला जुना पीसीही त्याला पुरतो.

डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), अपाचे (वेब सर्व्हर), मारियाडीबी (डेटाबेस), पीएचपीची एक्स्टेन्शन्स (जोड-भाग) यात विशेष काही नाही. डेटाबेस तेवढा यूटीएफ८एमबी४ या अक्षरपद्धतीत करा, म्हणजे मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येणार नाहीत.

खरं जपायचं ते फोल्डरांचं. अपाचेला फक्त 'एचटीडॉक्स' हे डॉलिबारच्या पानांचं फोल्डर दाखवायचं. 'डॉक्युमेंट्स' फोल्डर त्याच्या बाहेर, मी लिनक्सच्या व्हार-लिब फोल्डरखाली ठेवलं. गिऱ्हाइकांची ड्रॉइंग्ज तिथंच साठतात. ते फोल्डर वेबच्या वाटेवर राहिलं, तर पत्ता ठाऊक असलेला कुणीही लॉगिन न करता फाइल उतरवू शकतो. एका पंप कारखान्याचं ड्रॉइंग त्याच्या स्पर्धकाच्या हातात पडलं, तर मामांची इतक्या वर्षांची पत जाईल. म्हणून मी लॉगिन न करता थेट पत्ता टाकून पाहिला. फाइल मिळाली नाही, तेव्हाच पुढं गेले.

इन्स्टॉल संपल्यावर त्याच 'डॉक्युमेंट्स' फोल्डरात 'इन्स्टॉल डॉट लॉक' नावाची रिकामी फाइल करायची आणि 'कॉन्फ डॉट पीएचपी' ही सेटिंगची फाइल फक्त वाचण्यापुरती ठेवायची. नाहीतर इन्स्टॉलचं पान उघडंच राहतं. हे राहिलं असेल तर ॲडमिनला मुखपृष्ठावर इशारा दिसतो. तो बघून पुढं जाऊ नका.

कंपनीच्या माहितीत देश भारत निवडला की राज्यातल्या विक्रीसाठी सीजीएसटी-एसजीएसटी आणि परराज्यासाठी आयजीएसटी असे वेगळे दर मिळतात. इथं पन्नासेक किलोमीटरच्या आत कर्नाटक लागतं, त्यामुळं ही सोय रोजच्या कामाची आहे.

बॅकअप राजारामपुरीत आमच्या घरी येतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. शहरातून वर्कशॉपला जाता येत नसेल, तर तिथल्याच कपाटातला बॅकअप काय कामाचा? रोज रात्री डेटाबेसचा डंप (सगळ्या नोंदींची एक फाइल), डॉक्युमेंट्स फोल्डर आणि कॉन्फ फाइल, तिन्ही एकत्र येतात. नुसत्या डंपात ड्रॉइंग्ज नसतात, हे लक्षात असू द्या. घरच्या लॅपटॉपवर सगळं परत उभं करून बेळगावच्या एका गिऱ्हाइकाचं कोटेशन उघडून पाहिलं, पीडीएफसकट.

आता परवानग्या लावायच्यात. लेथवरच्या पोरांना ड्रॉइंग दिसावं, रेट दिसू नये, असं मामांनी बजावलंय. त्यासाठी मशीनवाल्यांचा वेगळा ग्रुप केलाय. सध्या त्याला कोटेशन आणि बिल दोन्ही बंद आहेत.