मेलेल्या शिंपल्यांची मोजदाद: माझा अनुभव

एम.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय ऐकायला सोपा होता. समुद्रतळाचा गाळ काढायचा, त्यातले जिवंत शिंपले-शंख मोजायचे, त्याच गाळातली रिकामी कवचं मोजायची आणि दोन्ही याद्या ताडून पाहायच्या. मेलेल्यांवरून जिवंतांची वस्ती कितपत ओळखता येते, एवढाच प्रश्न. जीवाश्मांवर काम करणाऱ्यांचा सगळा डोलारा मात्र याच प्रश्नावर उभा आहे, कारण त्यांच्या हाती फक्त मेलेलेच लागतात. त्यातही मऊ शरीराचे किडे बहुतेक नाहीतच. ते मागे काही ठेवत नाहीत.

ग्रॅबने, म्हणजे दोरीने तळाशी सोडलेल्या पंजासारख्या यंत्राने, गाळ काढण्याचं काम पटकन उरकतं. खरी कटकट चाळणीपाशी सुरू होते. जाळी फार बारीक घेतली तर नुकतीच तळाला बसलेली पिल्लं ढिगाने येतात. त्यातली बहुतेक जगणार नसतात, पण त्या मोसमापुरता जिवंतांचा आकडा फुगवून जातात. जीवाश्मतज्ज्ञ सुझन किडवेल यांनी जगभरच्या अशा तुलना एकत्र करून २००१ साली दाखवलं की १ मिलिमीटरहून मोठ्या जाळीत कोणती जात जास्त आणि कोणती कमी, हा क्रम मेलेल्या कवचांतही बऱ्यापैकी टिकतो. बारीक जाळीत तो विस्कटतो. म्हणून मी २ मिलिमीटरची चाळणी धरली आणि शेवटपर्यंत बदलली नाही.

मग मोजणी. एका शिंपल्याच्या दोन झडपा, त्यांचे पुन्हा तुकडे, मोजायचं काय? नियम असा की बिजागरीचा भाग शाबूत असेल तरच झडप धरायची आणि शंखाचं टोक असेल तरच शंख. डाव्या-उजव्या झडपा वेगळ्या मोजून जो आकडा मोठा तो घ्यायचा. सरसकट दोनाने भागणंही चालतं म्हणतात, पण माझ्या गाळात कॉर्ब्युला नावाचा छोटा शिंपला भरपूर होता. त्याची उजवी झडप मोठी आणि जाड, डावी लहान, तिच्यात बसणारी. डाव्या कमीच सापडायच्या. तिथे भागाकार केला असता तर कितीतरी कॉर्ब्युला कागदावरच मेले असते!

कॉर्ब्युलाच्या कवचांवर गोल खड्डे दिसायचे, अर्ध्यावर सोडलेले. शिकारी गोगलगाय कवचाला भोक पाडून आतलं मांस खाते, पण याच्या कवचात मधे एक चिवट सेंद्रिय थर असतो आणि तिथे तिचं काम अनेकदा अडतं. सूक्ष्मदर्शकाखाली असे खड्डे पाहण्यात माझा बराच वेळ गेला, आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही.

जिवंत कोण, हेही वाटतं तितकं सरळ नाही. दोन्ही झडपा घट्ट मिटलेला शिंपला हातात घ्यावा, वजन बरोबर लागावं आणि सुईने उघडल्यावर आत नुसता चिखल निघावा. शंखात मांस दिसलं तर ते रिकाम्या शंखात घर करणाऱ्या खेकड्याचं नाही ना, हे बघायचं. उलट, झडपेच्या आतल्या बाजूला बार्नेकल (खडकांना, कवचांना चिकटून राहणारा कवचधारी जीव) चिकटलेला असेल तर शंकाच नको. मालक गेल्यावर ते कवच तळावर बराच काळ उघडं पडून होतं.

याद्या तयार झाल्या तेव्हा त्या जुळेनात. जिवंतांत कॉर्ब्युलाचं राज्य. मेलेल्यांत जातींची संख्या कितीतरी जास्त आणि लुसिनिडी कुळातले शिंपले मुबलक, जे जिवंत एकही नव्हते. मी माझ्या मार्गदर्शक मॅडमना विचारलं, "कवचं वाहून आली असतील का?" त्या म्हणाल्या, "असतील. पण आधी जिवंतांच्या यादीवर शंका घे. ती आजची हजेरी आहे. गाळातला ढीग म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर, वर्षानुवर्षं दाखल झालेल्या सगळ्यांचं."

तिथून माझं काम मार्गी लागलं. कवचं घासून गुळगुळीत झालेली नव्हती, लहान-मोठी सगळी होती, म्हणजे लांबून वाहून आली असं म्हणायला आधार नव्हता. अल्पायुषी जाती भराभर मरून ढीग वाढवतात, हाही आक्षेप होता. पण किडवेल आणि रॉथफस यांनी २०१० मध्ये तो तपासला आहे. शिंपल्यांच्या प्रमाणात त्याने फारसा फरक पडत नाही.

राहिला काळ. निवडक कवचांचं वय अमिनो आम्लांवरून आणि रेडिओकार्बनवरून काढून घेतलं. समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच जुना असतो, जगाच्या ढोबळ सरासरीने सुमारे ४०० वर्षं. ती वजाबाकी करावी लागते. एकाच ग्रॅबमधली काही कवचं गेल्या शतकातल्या अणुचाचण्यांनंतरची निघाली, काही कित्येक शतकं जुनी. दिसायला मात्र सारखीच.

लुसिनिडी समुद्री गवताच्या मुळांपाशी चांगले वाढतात, कॉर्ब्युला कमी ऑक्सिजनमध्येही तग धरतो. म्हणजे बदललाय तो तळ. २००७ मध्ये किडवेल यांनी हेच मांडलं होतं: जिवंत आणि मृत यांच्यात मोठी तफावत प्रामुख्याने तिथे दिसते, जिथे पाण्यात खतं-सांडपाणी वाढलंय किंवा तळावरून ट्रॉल जाळी ओढली जातात. कोलोरॅडो नदीच्या मुखाशी तर हिशेब फारच उघड आहे. तिथल्या कवचांवरून, धरणांनी नदीचं पाणी अडवण्यापूर्वी चौरस मीटरला सुमारे ५० शिंपले राहत असावेत असा अंदाज २००० साली मांडला गेला. तेव्हा जिवंत होते ३.

प्रबंधात मी तफावतीलाच निकाल म्हणून पुढे ठेवलं. परीक्षकांनी वयांच्या तक्त्यावर बरंच खोदून विचारलं, चाळणीबद्दल एका शब्दाने नाही.

तळाच्या नियमित पाहणीत रिकामी कवचं बहुतेक वेळा निवडतानाच फेकून देतात. आता माझ्याकडे कोणी नमुने पाठवणार असेल तर मी आधीच कळवते: रिकामी कवचं टाकू नका, वेगळ्या पिशवीत भरा आणि चाळणीचा आकार चिठ्ठीवर लिहा.