आरशातली चांदणी

शरीरक्रियाशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यापासून मी कोथरूड आणि सहकारनगर भागातील ज्येष्ठ नागरिक संघांमध्ये मेंदूविषयी बोलतो. पहिल्या व्याख्यानाची सुरुवात मी वर्गातल्या सवयीने मेंदूच्या उभ्या छेदाच्या चित्राने आणि सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींच्या आकड्याने केली होती. दहाव्या मिनिटाला पहिल्या रांगेतील दोघांच्या माना छातीवर टेकल्या आणि आभारप्रदर्शनात ‘विद्वत्तापूर्ण’ हा शब्द आला. त्याचा पुण्यातील अर्थ सांगायला नको.

नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असते. मी क्रम उलटा केला आणि आख्यानासाठी हेन्री मोलेसनला निवडले. औषधांना दाद न देणारी आकडी थांबावी म्हणून १९५३ साली अमेरिकेतील हार्टफर्ड येथे विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने, सत्तावीस वर्षांच्या हेन्रीच्या दोन्ही कानशिलांच्या आत खोलवर असलेल्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागाचा बराचसा अंश आणि त्यालगतचा भाग काढून टाकला. आकडी पुष्कळ कमी झाली, परंतु नवी आठवण टिकेनाशी झाली. बालपण आठवत होते, बोलणे शहाण्यासारखे होते; मात्र खोलीबाहेर जाऊन परत आलेला माणूस त्याला पुन्हा अनोळखी वाटे. २००८ साली त्याचे निधन होईपर्यंत जग त्याला एच. एम. या आद्याक्षरांनीच ओळखत होते.

इथे मी थांबतो आणि पिशवीतून दाढीचा आरसा काढतो. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी हेन्रीला दिलेले काम मी श्रोत्यांना देतो: कागदावर दुहेरी रेघांची चांदणी, हातावर पुठ्ठ्याचा आडोसा, आणि केवळ आरशात पाहून दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. मागच्या वेळी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मोठ्या आत्मविश्वासाने पुढे आले. पहिल्याच टोकाला त्यांची पेन्सिल अडली, थरथरली आणि नेमकी उलट्या बाजूला गेली. आयुष्यभर सह्या केलेला हात ऐकत नाही, हे पाहून ते स्वतःच हसू लागले. हेन्रीचा हात मात्र तीन दिवसांच्या सरावात सफाईने वळू लागला, आणि तरीही दर दिवशी त्याला वाटे की आपण हे प्रथमच करीत आहोत. घटना लक्षात ठेवणारी स्मृती वेगळी आणि हाताला वळण लावणारी वेगळी, हे यानंतर कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

त्याच दिवशी शेवटी एक आजी उठल्या. “आमच्या ह्यांना अल्झायमर सांगितलाय. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, पण विडा अजून स्वतः लावतात, चुना कधी कमी-जास्त होत नाही. म्हणजे त्यांचाही तेवढाच भाग गेलाय, बाकीचा शाबूत राहील ना?”

चूक माझी होती. हेन्रीचे नुकसान सुरीने झाले होते आणि सुरी थांबली तिथेच त्याची हद्द संपली होती. अल्झायमर बहुधा त्याच परिसरात सुरू होतो, पण तिथे थांबत नाही. विड्याचे वळण बराच काळ टिकू शकते, कायम टिकेलच असे नाही. हे मी त्यांना शक्य तितक्या सौम्यपणे सांगितले, परंतु ते आख्यानातच यायला हवे होते. ज्या गोष्टीत ऐकणारा आपले माणूस बसवून पाहणार, तिची हद्द सांगणाऱ्याने आधीच आखून द्यावी, असे मला तेव्हापासून वाटते.

फिनिआस गेजची गोष्टही मी आता सावधपणे सांगतो. १८४८ साली रेल्वेमार्गाच्या कामावर सुरुंग उडून साडेतीन फुटांहून लांब लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून मेंदू भेदत डोक्याच्या वरच्या बाजूने बाहेर पडली. तो वाचला, पण त्याचा स्वभाव बदलला. सांगता सांगता लोकांनी त्याला जन्माचा वाया गेलेला माणूस करून टाकले. पुढे चिलीमध्ये त्याने काही वर्षे प्रवासी घोडागाड्या हाकल्या, हा तपशील बहुधा गाळला जातो, कारण त्याने गोष्टीची धार जाते.

त्या दिवशी आवराआवर करताना आजींनी चांदणीचा एक कोरा कागद मागितला. हा काही उपचार नव्हे, असे मी पुन्हा बजावले. “उपचार नाही हो,” कागदाची घडी पर्समध्ये ठेवत त्या म्हणाल्या, “जरा वेळ माझ्यासोबत बसतील.”