किलो पॅरिसचा, काटा पुण्याचा

मंडईतला जुना तराजू चंद्रावर नेला तरी किलोभर बटाटे किलोभरच भरतील. तिथे दोन्ही पारड्यांवरची ओढ सारखीच घटते. तराजू वस्तुमानाची तुलना करतो, म्हणून मला तो फार आवडतो! इलेक्ट्रॉनिक काटा मात्र आतल्या लोडसेलवर, म्हणजे भाराचे विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या भागावर, पडणारा दाब मोजतो आणि त्याचे ग्रॅम करून दाखवतो.

पॅरिसमध्ये गुरुत्वत्वरण, म्हणजे पृथ्वीच्या ओढीचे माप, सुमारे ९.८०९ मीटर प्रति सेकंद वर्ग, पुण्यात ९.७८४. तिथे जुळवलेला काटा इथे किलोमागे सुमारे अडीच ग्रॅम कमी दाखवेल. पुण्यात जुळवून सिंहगडावर नेला, तर दहा किलोमागे जेमतेम दोन ग्रॅमचा फरक. भाजीला चालेल, सोन्याला नाही.

म्हणून काटा जिथे वापरायचा तिथेच जुळवावा. आधी काट्याचे पाय फिरवून त्याच्यावरच्या पातळीदर्शकातला बुडबुडा मधोमध आणा, अर्धा तास चालू ठेवा, शून्य करा, मग प्रमाणित वजन ताटाच्या मध्यावर ठेवा. तेच वजन चारही कोपऱ्यांत ठेवून पाहा. आकडा बदलला तर ताट किंवा लोडसेल बिघडलेला असतो. पंखा बंदच ठेवा, वाऱ्याने शेवटचा आकडा नाचतो.

२० मे २०१९ पासून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या राशीवर, बेतलेला आहे. त्याआधी ज्यावरून किलो ठरायचा, तो पॅरिसजवळचा प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा आता निवृत्त.